नेलिस ओमेनचा उजवा हात

झांडहूक गावचा शिंपी, नेलिस ओमेनच्या विजारीचं माप घ्यायला बसला की आधी हातातली टेप झटकायचा, मग ती मांडीभोवती गुंडाळायचा, मग चष्मा पुसून आकडा पुन्हा बघायचा. "अरे, ही मांडी म्हणायची की चर्चचा खांब? कंबर पोराची आणि मांड्या बैलाच्या. तुझी विजार बेतायची तर मला खालून वर यावं लागेल." नेलिस कानापर्यंत लाल व्हायचा. एरवी वरून बघाल तर साधं पोरगं, केसांत पीठ, बोलायला मागं. बेकरीवाल्या ड्रीस ओमेनचा धाकटा. पण कमरेखाली देवानं हात सैल सोडला होता.

त्या मांड्या आल्या कुठून हे गावाला ठाऊक होतं. पावाच्या सायकलीतून आल्या. लढाई संपून थोडी वर्षं झाली होती, लोकांना पुन्हा पोटभर पाव मिळायला लागला होता, आणि ड्रीसच्या बेकरीचा पाव आजूबाजूच्या सगळ्या वाड्यांवर जायचा. पुढच्या चाकावर एवढा मोठा वेताचा हारा बांधलेली ती काळी, अवजड सायकल. रेताड रस्त्यात अर्धं चाक रुतायचं आणि समोरून समुद्राकडचा वारा. देशाच्या दक्षिणेला, आमच्या ब्राबांटात डोंगर नाही, पण तो वारा डोंगराच्या वरताण.

आणि वाटेत रेल्वेचं फाटक. शरदात साखर कारखान्याकडं बिटाची मालगाडी निघाली की फाटक पडायचं आणि गाडी अशी रमतगमत जायची की बघणाऱ्याला जांभई यावी. बाकीची माणसं पाय टेकून उभी राहायची. नेलिसला ते जमायचं नाही. पाय टेकला की सायकल कलायची आणि हारा पुढं झुकायचा. एकदा तसे सगळे पाव चिखलात गेले होते आणि ड्रीसनं भट्टीतलं लाकडी फावडं घेऊन त्याला अंगणभर पळवला होता. तेव्हापासून पोरानं एक युक्ती काढली. फाटक पडलं की सायकल थांबवायची, पुढचं चाक थोडं तिरकं करायचं, पायडलवर उभं राहायचं, आणि पाय खाली न टेकता तसंच राहायचं. गाडी जाईपर्यंत. कधी कधी एका हातानं टोपी सारखी करायची, नाक पुसायचं, ओळखीच्या बाईला नमस्कारही करायचा, पण सायकल जागची हलायची नाही.

फाटकाजवळ शाक रोम्बाउट्सचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. शाक तरुणपणी ट्रॅकवर शर्यती मारलेला माणूस. पुढचे दात त्यानं अँटवर्पच्या लाकडी ट्रॅकवर ठेवून दिले होते. तो एकदा हातातला पाना तसाच धरून बाहेर आला आणि बिटाची गाडी संपेपर्यंत बघत राहिला.

"काय रे पोरा, हे काय करतोयस तू?"

"पाव सांभाळतोय, शाककाका."

"पाव सांभाळतोय म्हणे! अरे, शहरात माणसं तिकीट काढून हे बघायला जातात. संध्याकाळी ये माझ्याकडं. आणि बापाला सांगू नकोस."

बापाला सांगायची गरजच पडली नाही. झांडहूकमध्ये सकाळी शिंकलं तर दुपारी सगळ्या गल्ल्यांतून तब्येतीची चौकशी होते.

शाकचा खेळ होता तो दोघांच्या सायकलशर्यतीचा. ट्रॅक म्हणजे कडेनं उंच उचललेला गोल. सायकलीला ब्रेक नाही, पायडल चाकाबरोबर फिरतं. दोघं सुटतात, पण कुणालाच पुढं जायचं नसतं. पुढचा वारा कापतो, मागचा त्याच्या आडोशाला बसतो आणि शेवटी उसळी मारून पुढं निघतो. म्हणून दोघं मांजरासारखे हळूहळू फिरतात, एकमेकांकडं खांद्यावरून बघतात, आणि कधी कधी ट्रॅकच्या उतारावर चक्क थांबतात. पाय न टेकता. ज्याचा आधी धीर सुटला तो पुढं झाला, आणि पुढं झाला तो बहुतेक हरला. लोक ओरडतात, शिट्ट्या मारतात, आणि हे दोघं पुतळ्यासारखे उभे.

"तुला पळायला मी शिकवीन," शाक म्हणाला. "उभं राहायला तुला कुणी शिकवायची गरज नाही."

शाकच्या तळघरात ट्रॅकचे रेशमी, हलके टायर टांगलेले असत. द्राक्षाची दारू मुरवतात तसे तो ते वर्षानुवर्षं मुरवायचा, म्हणजे ते पंक्चर होत नाहीत असं त्याचं म्हणणं. त्याच तळघरात त्याची बायको डुकराच्या मांड्या धुरी देऊन टांगायची. नाताळात पाहुण्यांनी पहिला घास घेतला की म्हणायचे, "वहिनी, चव छान आहे, पण वास सायकलीचा येतो." आणि त्या टायरांवर नेलिसची सायकल निघाली की मांसाच्या वासानं कुत्री मागं लागायची, हेही तितकंच खरं.

नेलिस जत्रेतल्या शर्यती जिंकू लागला. त्या काळी बक्षिसात घड्याळं द्यायची पद्धत होती. भिंतीवरची, टेबलावरची, पक्षी बाहेर येणारी. त्याच्या आईनं ती एकूणएक स्वयंपाकघरात लावली. कुठलीही दोन घड्याळं एक वेळ दाखवायची नाहीत. दुपारी जेवायला बसलं की बारा वाजायला सुरुवात व्हायची आणि सूप संपलं तरी वाजणं संपायचं नाही. "आमच्या नेलिसची कमाई," आई कौतुकानं सांगायची. ड्रीस चमचा खाली ठेवायचा, कानात बोटं घालायचा, आणि सगळं शांत झालं की पुन्हा जेवायला लागायचा.

ड्रीसला खेळाचा राग नव्हता. त्याला दम लागायचा, ही खरी गोष्ट. सगळा जन्म पीठ श्वासातून आत गेलेलं. परातीवर वाकला की छाती किटलीसारखी शीळ घालायची. थोरला मुलगा धर्मगुरू व्हायला गेला होता, म्हणजे तो देवाच्या भट्टीवर. परक्या माणसाला ओमेनच्या परातीत हात घालू द्यायचा नाही, ही ड्रीसच्या आजोबांपासूनची शपथ. राहिला नेलिस.

एका रविवारी चर्चमधून परतताना ड्रीस वाटेत थांबला, दम घेतला आणि म्हणाला, "पोरा, या उन्हाळ्यात देशाची शर्यत आहे म्हणतात."

"आहे बाबा. औडेवेस्टच्या ट्रॅकवर."

"ती जिंक. जिंकलास तर मी काहीतरी बघीन. पण नाही जिंकलास तर ते शर्यतीचे काळे बूट खिळ्याला टांग आणि सोमवारपासून भट्टीसमोर उभा राहा. मला आता होत नाही रे."

बापानं 'होत नाही' म्हटलेलं नेलिसनं पहिल्यांदा ऐकलं. तो फक्त "हो बाबा" म्हणाला.

औडेवेस्टला अर्धं झांडहूक गेलं होतं. गवळ्याची पोर टोससुद्धा, हातात लोण्याचे सँडविच घेऊन, सगळ्यांना वाटत. नेलिस एकेकाला मागं टाकत शेवटच्या लढतीत आला. समोर येला पोस्थुमा. उत्तरेकडचा, फ्रिसलंडचा गडी, भुवया पिवळ्या, चेहरा पाटासारखा. तीन धावांत दोन जिंकायच्या. पहिली येलानं घेतली, दुसरी नेलिसनं. तिसरीला दोघं सुटले, एक फेरी चालल्यासारखे गेले, आणि मागच्या वळणावर नेलिस पुढं, खालच्या अंगाला, आणि येला मागं, वरच्या अंगाला, असे थांबले.

थांबले ते थांबलेच. लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग शिव्या दिल्या, मग बिअर आणायला गेले, बिअर घेऊन आले, तरी हे तिथंच. नेलिसच्या पायाला कंप नाही. येलाच्या पोटऱ्या मात्र थरथरायला लागल्या होत्या. शाक कठड्याला धरून पुटपुटत होता, "आता सुटतो बघ त्याचा धीर. आता सुटतो. उभा राहा राजा, नुसता उभा राहा."

आणि ट्रॅकमागच्या चर्चची संध्याकाळची घंटा वाजली.

तीन टोले, थोडं थांबून तीन टोले. आमच्याकडं ही घंटा वाजली की नांगर थांबतो, बाईचं लाटणं थांबतं, भांडणसुद्धा अर्ध्या शिवीवर थांबतं. टोपी काढायची, कपाळ, छाती, खांदे असा क्रूस करायचा आणि मेरीची प्रार्थना म्हणायची. लहानपणापासूनचं अंगवळण. त्या ट्रॅकवर हजारो माणसं बसली होती, ती सगळी ब्राबांटची. एका क्षणात सगळं चिडीचूप. टोप्या उतरल्या. झेंडा धरलेल्या पंचानंही टोपी काढली. ड्रीस ओमेननं डोळे मिटले.

आणि नेलिसचा उजवा हात हँडलवरून सुटला आणि कपाळाला लागला.

त्याला कळलंच नाही. कपाळ झालं, छाती झाली, डाव्या खांद्याला हात पोचतोय तोवर येला पोस्थुमा वरून घारीसारखा खाली आला आणि सुटला. नेलिसनं हँडल पकडलं. पडला नाही हे एक नवल, आणि नंतर जे पळाला ते दुसरं. चार सायकली मागं होता, ते अंतर खात खात त्यानं येलाला शेवटच्या सरळ रेषेवर गाठलं. शिवारभर प्रार्थना चालू आणि मध्ये त्या दोन सायकलींची फक्त सर्र सर्र. अर्ध्या चाकानं हरला. घंटा संपली, लोकांनी डोळे उघडले, तर शर्यतही संपलेली.

"काय झालं? कोण जिंकलं?" सगळे एकमेकांना विचारायला लागले.

कपडे बदलायच्या खोलीत येला आला. खांद्यावर देशविजेत्याची लाल-पांढरी-निळी जर्सी, पण तोंड उतरलेलं. नेलिस बाकावर बसून बुटाचे बंद सोडत होता.

"गड्या, तुझ्या कपाळावर माशी बसली होती का रे?"

"माशी?"

"तू हात उचललास ना! मला वाटलं माशी. म्हटलं, आत्ताच."

"घंटा वाजली होती, येला."

"ती मी ऐकली. सहा वाजले असतील म्हटलं. आमच्याकडं घंटा वाजली की लोक घड्याळ बघतात." येला त्याच्या शेजारी बसला. "म्हणजे तू प्रार्थना करत होतास? शर्यतीत?"

"मी नव्हतो करत. हात करत होता."

येलानं खांद्यावरची जर्सी काढून मांडीवर घेतली. मग म्हणाला, "आधी कळलं असतं तर मी थांबलो असतो."

नेलिसनं त्याच्याकडं पाहिलं.

"बरं, नसतो थांबलो," येला म्हणाला, आणि दोघांना असं हसू फुटलं की बाहेर उभ्या शाकला वाटलं पोराचं डोकं फिरलं.

परतीच्या गाडीत ड्रीस टोपी डोळ्यांवर ओढून बसला. सोमवारी नेलिसनं आपणहून बूट खिळ्याला टांगले, एप्रन बांधला आणि भट्टीसमोर उभा राहिला. पहिला घाणा त्यानं जाळला. दुसरा आतून कच्चा. दुकानात बायकांची रांग, आणि एकेकीच्या तोंडाला कुलूप नाही.

"पावाचा रंग बघा. यापेक्षा रविवारचा उरलेला द्या."

"अगं, भट्टी पेटताना घंटा वाजली असेल."

"आता लग्नात अंगठी घालताना वाजली म्हणजे नवरी हातावर तुरी देऊन जाणार याच्या!"

तेवढ्यात आमचे फादर फान एस आत आले. जाड, गुडघे दुखणारे, बेदाण्याच्या पावाचे भोक्ते. बायका बाजूला सरल्या. सगळ्यांना वाटलं, आता फादर पोराची पाठ थोपटणार, धर्मनिष्ठा, पुढच्या रविवारचं प्रवचन तयारच.

फादरनी काउंटरवर कोपर टेकलं. "नेलिस, मी होतो काल तिथं. दुसऱ्या रांगेत."

"हो फादर."

"घंटा झाली तेव्हा माझा हात कुठं होता माहिती आहे? खिशात. मूठ आवळलेली. मी म्हणत होतो, देवा, दोनशे मीटर थांब, मग काय ते सगळं म्हणतो." ते पाव उचलून निघाले आणि दारातून वळले. "देव तुझं नाव सगळ्यात वर लिहील. पण त्याला सायकलीतलं काही कळत नाही."

ड्रीस आतल्या दारात उभा राहून ऐकत होता. गिऱ्हाईक गेल्यावर तो पुढं आला, जळलेला एक पाव उचलला, ठोकून पाहिला.

"बूट काढ त्या खिळ्यावरून," तो म्हणाला.

"बाबा, बोलणं झालं होतं आपलं."

"झालं होतं. जिंकलास तर एक, हरलास तर एक. पण मी तुला हरताना पाहिलं कुठं? माझे डोळे मिटलेले होते. उघडले तेव्हा तू सायकलीवरून उतरत होतास. न पाहिलेल्या शर्यतीवर मी पोराचा निकाल लावू होय? एक वर्ष अजून. पुन्हा बघीन."

"आणि मळणार कोण? तुमची छाती..."

ड्रीसनं छाती चोळली. उत्तर टोसनं दिलं. ती सकाळचं ताक घेऊन आली होती आणि आत कधी आली कुणाला कळलं नव्हतं.

"मी मळते," ती म्हणाली.

"बाई? आणि माझ्या परातीत?" ड्रीसला ठसकाच लागला. "आजोबांच्या वेळेपासून..."

"आजोबांना आता विचारता येत नाही. माझ्या हातांबद्दल विचारायचं तर आमच्या गायींना विचारा." टोसनं बाह्या वर सारल्या. खरं सांगायचं तर नेलिसच्या मांड्यांच्या तोडीचं गावात काही असेल तर टोसचे ते हात. तिनं कणकेचा गोळा उचलला, परातीत आपटला, आणि ड्रीसच्या आजोबांची शपथ तिथंच मोडली. दुपारी बायका पाव परत द्यायला आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी जास्त घेऊन गेल्या.

पुढचं वर्ष नेलिस असा राबला की शाकचंच वजन घटलं. शर्यत त्या वर्षी उत्तरेला होती. ड्रीस आयुष्यात पहिल्यांदा दोन दिवसांसाठी बेकरीला कुलूप लावून निघाला, टोसनं डब्यात अंडी दिली, आईनं एक घड्याळ, कशासाठी ते तिलाच ठाऊक. शेवटी समोर पुन्हा येला. पुन्हा एक-एक धाव. तिसरीला पुन्हा दोघं थांबले, पण या खेपेला येला घाबरलेला होता. नेलिसच्या हाताकडं बघत राहिला आणि त्या नादात पुढचं चाक घसरून पुढं गेला. नेलिस त्याच्या आडोशाला बसला, शेवटच्या वळणावर वरून आला आणि येलाच्या खांद्याजवळून असा निघाला की येलानं नंतर सांगितलं, आधी वास आला, सायकल मग दिसली.

शाक ड्रीसच्या पाठीत गुद्दे घालत होता. "ड्रीस, बघितलंस? बघितलंस?"

ड्रीस बाकावर बसलेला, दोन्ही हातांनी टोपी चुरगाळत. "कोण?" तो विचारत होता. "शाक, कोण ते सांग ना."

"म्हणजे? तुझ्या डोळ्यांसमोर..."

"छाती धडधडायला लागली म्हणून मिटले रे थोडे."

"आता काय, अजून एक वर्ष?"

"गाढवा, जर्सी कुणाच्या अंगात आहे ते सांग!"

नेलिस पुढं बरीच वर्षं पळाला. कोपनहेगन, मिलान, पॅरिस, कुठं कुठं. चांगली हॉटेलं पाहिली आणि प्रत्येक ठिकाणी पाव तोडून आतला मऊपणा बोटानं दाबून बघायची खोड सोडली नाही. देशाची जर्सी पुन्हा मिळवली, पुन्हा गमावली, पुन्हा मिळवली. जगाच्या शर्यतीत एकदा कांस्यपदकापर्यंत गेला आणि एका इटालियनानं कोपर मारून त्याला गवतात टाकला, ती गोष्ट सांगताना तो अजूनही स्वतःच कोपर मारून दाखवतो, म्हणून ऐकणाऱ्यानं डाव्या बाजूला बसू नये. येला दर उन्हाळ्यात झांडहूकला यायचा, चीज घेऊन. टोसशी नेलिसचं लग्न झालं तेव्हा करवला तोच. फादर फान एसनी अंगठी घालायच्या वेळी थांबून दाराकडं कान दिला आणि म्हणाले, "चालू दे, शांतता आहे," आणि चर्चभर लोक हसले.

ड्रीस त्यानंतर काही वर्षं होता. संध्याकाळी भट्टीजवळ खुर्ची टाकून टोसला सूचना करायचा आणि ती एकही ऐकायची नाही. शेवटच्या हिवाळ्यात तो एकदा म्हणाला, "टोस, पाव तुझा माझ्यापेक्षा बरा होतो." टोस परात धुवत होती. तिनं पाणी जोरात सोडलं. ऐकू आलं नाही असं तिनं दाखवलं, पण त्या दिवशी तिनं सगळ्या गिऱ्हाइकांना बेदाण्याचा पाव साध्या पावाच्या भावात दिला.

शाकही गेला. त्याचं तळघर उघडलं तेव्हा टायर अजून टांगलेले होते, आणि असे मुरलेले की नेलिस एकेक हातात घेऊन बोटानं दाबत बसला. बिटाची गाडी बंद झाली. औडेवेस्टच्या ट्रॅकवर आता घरं आहेत, वळणावरची घरं थोडी वाकडी आहेत असं नेलिसचं म्हणणं.

शर्यती संपल्या तेव्हा नेलिसनं एप्रन मागितला होता. टोसनं त्याच्याकडं वरून खाली पाहिलं. "तुझी सगळी ताकद खाली. वर काही नाही. तू काउंटर सांभाळ." तेव्हापासून तो काउंटरवर. ओमेनच्या दुकानात रांग मोठी असते ती पावासाठी नाही, नेलिस प्रत्येकाला एक शर्यत सांगतो म्हणून. बायका चिडतात आणि ऐकतात. आतून टोसची हाक येते, "नेलिस, कोपनहेगन पुरे, बाईंना सुटे दे!"

परवा नव्या वसाहतीतली एक बाई आली. पाव हातात घेऊन म्हणाली, "किती छान भाजता हो तुम्ही, आजोबा."

"मी?" नेलिसचा चेहरा फुलला. "छे हो. मला या घरात कुणी भट्टीसमोर उभं केलं नाही. एकच दिवस राहिलो, त्यात दोन घाणे वाया घालवले." तो काउंटरवर पुढं वाकला. "त्याच्या आदल्या दिवशी काय झालं सांगू? थांबा, घाई नाही ना तुम्हाला?"